मेश्रामांकडे राहिलेला निरोप

मेश्राम गेल्याची बातमी मला दोनदा आली. पहिल्यांदा ती खोटी होती आणि सगळ्यांनी तिच्यावर ताबडतोब विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा, म्हणजे गेल्या महिन्यात, ती खरी होती आणि कोणी विश्वास ठेवायलाच तयार नव्हतं. आमच्या कंपनीतल्या जुन्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. एरवी तिथे कोणी गेल्याचं कळलं की जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या दिवशी मात्र बराच वेळ शुकशुकाट होता. मग एकाने विचारलं, ‘खात्री केली का?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘जोगळेकर मॅडमना विचारा.’ जोगळेकर मॅडम म्हणजे मी. मेश्राम आहेत की नाहीत या विषयातली मी तज्ज्ञ समजली जाते. का, ते पुढे येईलच. मी फोन लावला. त्यांच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी उचलला. मी नुसतं माझं नाव सांगितलं, तर त्याच म्हणाल्या, “हो मॅडम... या वेळी खरंच.”

सुधाकर मेश्राम मूळचे भंडारा जिल्ह्यातले. नागपुरात शिकले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात आले. संगणक म्हणजे भविष्य, असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. आमची कंपनी कर्वे रस्त्यावर एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती आणि वीज गेली की भविष्य बंद पडायचं. मेश्राम टेस्टर होते. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कुठे कोलमडतो हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. लिहिणारा अभिमानाने सांगायचा, “हे बटण दाबलं की पावती येते.” मेश्राम शांतपणे विचारायचे, “आणि नाही दाबलं तर?” किंवा, “दाबून धरूनच बसलं तर?” या प्रश्नांनी भली भली तरणी पोरं रडकुंडीला यायची. इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्यांच्या बोलण्यातलं ‘करून राहिलो, येऊन राहिलो’ गेलं नाही. पुणेरी खवचटपणा मात्र त्यांनी पहिल्याच वर्षी आत्मसात केला. कोणी म्हटलं, “मेश्राम, आज लवकर आलात?” तर ते म्हणायचे, “नाही, काल उशिरा जाऊन राहिलो होतो, ते अजून गेलो नाही.”

मी तिथे माणसांच्या नेमणुका-बदल्या बघायला लागले होते. पुढे कंपनी हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत गेली, माणसं वाढली आणि त्यांचे ताणही वाढले, तेव्हा मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेऊन मी समुपदेशक झाले. मला एक छोटी खोली मिळाली, दोन खुर्च्या, एक कुंडी. मेश्रामांना या खोलीबद्दल फार कुतूहल. दुपारी डबा खाऊन यायचे आणि दारातून विचारायचे, “आज काय सापडलं?” मी म्हणायचे, “सांगता येत नाही, गुप्त असतं.” त्यावर त्यांचं ठरलेलं, “तुमचं बरं आहे मॅडम. आमचा प्रोग्राम बिघडला तर आम्हाला चूक दाखवावी लागते. तुमचा माणूस बिघडला की तुम्ही म्हणता, याचं लहानपण बघू.” पण जायचे नाहीत. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला ते कळतं का, दुःख आवरून धरलं तर ते जातं कुठे, असले प्रश्न विचारत उभे राहायचे. मला कुठल्याही परीक्षकाने इतकं छळलं नाही.

मग टाळेबंदीचे ते दिवस आले. मी वारज्यातल्या माझ्या घरी, आईच्या खोलीचं दार लोटून, संगणकाच्या पडद्यावर माणसांशी बोलायला लागले. वर्षभरात एक गोष्ट ध्यानात आली. “तुम्हाला कसं वाटतंय?” हा प्रश्न पुस्तकात छान दिसतो, पण मराठी माणसाला तो विचारला की उत्तर येतं, “कसं वाटणार? ठीक आहे.” एक साहेब घरात बसून रोज शर्टाला इस्त्री करायचे आणि ठीक होते. एक मुलगी भाजी धुऊन धुऊन तिचा चोथा करायची आणि ठीक होती. खूप जणांच्या घरात कोणी ना कोणी गेलं होतं, आणि तेही ठीक होते. त्यांच्याकडे समाचाराला कोणी आलं नव्हतं, येऊ शकत नव्हतं. दाराशी चपलांचा ढीग नाही, न बोलता दहा मिनिटं बसून उठणारी माणसं नाहीत, कसं झालं म्हणून विचारणारं कोणी नाही... ती हकिकत पुन्हा पुन्हा सांगूनच माणसाला ती खरी वाटायला लागते, हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मलाही तो निव्वळ रिवाज वाटत होता.

दुसऱ्या लाटेत ग्रुपवर आलं की मेश्राम गेले. ते बिबवेवाडीत राहायचे. त्यांच्या शेजारच्या इमारतीत आमच्यातलाच एकजण राहतो. मेश्रामांना अँब्युलन्समधून नेल्याचं त्याने पाहिलं होतं. काही दिवसांनी त्याच मजल्यावरून नेलेले गृहस्थ वारले, असं त्याला कळलं. त्याने सरळ ग्रुपवर कळवलं. मेश्रामांचा फोन बंद लागत होता. मग काय, हात जोडले गेले. वहिनींचा नंबर कोणाकडेच नव्हता. कोणीतरी लिहिलं की वहिनी बहुतेक गावाकडे गेल्या असतील. ते ‘बहुतेक’ पुढच्या दोन निरोपांत गळून पडलं.

वर्ष उलटलं, सगळं उघडलं, तरी माझ्या डोक्यातून तो समाचार जाईना. दिवसभर दुसऱ्यांना सांगायचं की राहिलेलं दुःख कुठेतरी बसून राहतं, आणि आपण मात्र जायचं नाही... मी म्हटलं, वहिनी असतील तर असतील, नसतील तर शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊ. एका रविवारी फिक्या रंगाची साडी नेसले, रिक्षा केली आणि बिबवेवाडीला गेले. वाटेत काय बोलायचं याची उजळणी केली. बेल वाजवली. दार उघडलं ते मेश्रामांनी.

ते मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “या मॅडम. मिळाली का सवड?” माझ्या तोंडून निघालं, “तुम्ही... आहात?” ते म्हणाले, “मग कुठं जाऊ?” आत गेले, बसले. खूप वाळले होते. दाढी वाढलेली, दिवसाढवळ्या पडदे ओढलेले. सुनंदावहिनींनी चहा घेणार का विचारलं. समाचाराला गेल्यावर चहा घ्यायचा नसतो, म्हणून मी सवयीने ‘नको’ म्हटलं. झालं. मेश्राम म्हणाले, “वर्षभरानं आल्या, अन् चहाही नको?” तेव्हा मला हसू यायला लागलं, मग रडू, आणि दोन्ही एकदम. वहिनी घाबरल्या. शेवटी मी फोन काढला, ग्रुपवरचे ते जुने निरोप उघडले आणि त्यांच्या हातात दिला.

ते चष्मा लावून वाचत गेले. स्वतःची श्रद्धांजली स्वतः वाचणाऱ्या माणसाचा चेहरा बघायची संधी आमच्या धंद्यातसुद्धा कोणाला मिळत नाही, त्यामुळे मी निर्लज्जपणे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग म्हणाले, “‘सदा हसतमुख’? हे कोणाबद्दल आहे?” मग, “हा मला गुरुस्थानी मानत होता? यानं तर माझं तपासणीचं काम काढून घ्यायला अर्ज केला होता.” आणि मग पुन्हा वरपासून वाचायला लागले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे कोणी विसरलं नव्हतं...”

झालं होतं असं की दवाखान्यात त्यांचा फोन हरवला. बरे होऊन घरी आले, नवा नंबर घेतला आणि वाट बघत बसले. जुने नंबर नव्हते, पण कोणाला तरी गाठून शोधता आले असते. ते त्यांनी केलं नाही. आजाऱ्याने स्वतःच सांगत फिरायचं का, हा ताठा. आठवडे गेले, महिने गेले. इतक्या वर्षांत जोडलेल्या माणसांपैकी एकालाही मी आठवलो नाही, हे त्यांच्या मनाने हळूहळू पक्कं धरलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली चूक शोधणाऱ्या माणसाने एवढी मोठी गोष्ट न तपासता खरी मानली. मला त्याचं फार नवल वाटलं, आणि वाईटही वाटलं. मी तसं बोलले. ते म्हणाले, “स्वतःचा प्रोग्राम स्वतः तपासायचा नसतो मॅडम. दिसतच नाही त्यातलं.”

मला वाटलं, गाठ सुटली. आता हे हिंडू-फिरू लागतील. पण पुढच्या खेपेला गेले तर पडदे तसेच होते. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच म्हणाल्या, “बाहेर जातच नाहीत. जायचं झालं तर आधी दाराच्या भोकाला डोळा लावून उभे राहतात. समोरच्या शिंदेवहिनी जिन्यात नाहीत ना, हे बघतात. त्या असल्या तर चपला काढून परत येतात.” शिंदेवहिनी म्हणजे समोरच्या दारातल्या सुमन शिंदे. त्यांचे पती, मार्केट यार्डात फळांचा गाळा असलेले शिंदे, त्याच दिवशी त्याच अँब्युलन्समधून गेले होते. जे खरोखर वारले ते शिंदे.

मी मेश्रामांना काही विचारलं नाही. नुसती बसून राहिले. समाचाराला बसतात तशी. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी आपणहून सांगितलं. दोघं समोरासमोर बसले होते. शिंदे खोकून बेजार. स्वारगेटपाशी शिंदे पुढे वाकून म्हणाले, “मेश्राम, आमच्या बाल्कनीत पोत्याखाली फणस ठेवलाय. दोन दिवसांत पिकेल. तेवढं घरी बघायला सांगा.” मेश्राम म्हणाले, तुम्हीच सांगा ना फोनवर. शिंदे म्हणाले, फोन घरीच राहिला. दवाखान्यात पोचताच दोघांना वेगवेगळीकडे नेलं आणि त्याच गडबडीत मेश्रामांचाही फोन हरवला. मेश्राम परत आले तेव्हा शिंदे नव्हते. घरच्यांना त्यांच्याशी एकदाही बोलता आलं नव्हतं.

“आता सांगा,” मेश्राम मला म्हणाले, “त्या बाईंना इतकं कळलंय की यांच्यासोबत मी होतो. त्या वाट पाहून राहिल्या असतील, मी येईन अन् काहीतरी सांगीन. नवरा शेवटी काय बोलला ते. अन् मी जाऊन काय सांगू? फणस?” हसण्यासारखं होतं, पण ते बंद दाराकडे बघत होते. आपण परत आलो आणि तो आला नाही, याची लाज एका बाजूला, आणि जवळ असलेला निरोप इतका क्षुल्लक की तो देणं म्हणजे त्या बाईंची थट्टाच, ही भीती दुसऱ्या बाजूला. या दोन्हींच्या मधे ते वर्षभर घरात बसले होते. दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर.

“खोटं सांगू का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काय करावं ते मी कोणाला सांगत नसते. “मग तुम्ही शिकल्या काय?” म्हणाले. मग आम्ही दोघांनी चक्क खोटे निरोप तयार करायला घेतले. ‘मुलीचं शिक्षण पूर्ण कर.’ ते म्हणाले, मुलगी परगावी नोकरीला लागलीय. ‘सुमनला जपा.’ ते म्हणाले, “शिंदे त्यांना नावानं हाक मारतच नव्हते. ‘ऐकलं का’ म्हणत.” प्रत्येक वाक्यात ते चूक काढत गेले आणि कितीतरी महिन्यांनी मला जुने मेश्राम दिसले. तरी ठरलं काहीच नाही. निघताना मी एवढंच म्हटलं की निरोप ज्याचा त्याला द्यावा, त्याचं वजन आपण करू नये. ते म्हणाले, “हे पुस्तकातलं आहे.” होतं पुस्तकातलंच.

काही दिवसांनी फोन आला. “झालं काम.” मी विचारलं, काय सांगितलंत? “झालं म्हटलं ना.” बस. त्यानंतर किती खोदून विचारलं, पत्ता लागू दिला नाही. वर म्हणायचे, “सांगता येत नाही मॅडम, गुप्त असतं.” पण पडदे उघडले. दाढी गेली. आणि या माणसाने एक नवाच उद्योग सुरू केला. ओळखीतल्या ज्या ज्या घरी त्या काळात कोणी गेलं होतं आणि समाचार राहिला होता, तिथे ते जाऊ लागले. कधी सुनंदावहिनी बरोबर, कधी मी. दार उघडलं की म्हणायचे, “मी मेश्राम. यायला उशीर झाला.” जुन्या ग्रुपमधल्यांकडे गेलं की वर, “घाबरू नका, मी आहे.” लोक आधी अवघडायचे. आता काय, झालं ते झालं, म्हणायचे. मेश्राम ऐकून घ्यायचे आणि त्यांच्या त्या तपासनीस आवाजात विचारायचे, “मग त्या दिवशी सकाळी काय झालं?” आणि ते ‘ठीक’ असलेलं घर बोलायला लागायचं. जेवणाची वेळ टळून जायची. मी पडद्यावर वर्षभर जे विचारत होते ते चुकीचं नव्हतं, पण मेश्रामांना ‘कसं वाटतंय’मध्ये रसच नव्हता. त्यांना काय झालं ते हवं असायचं, अगदी बारीकसारीक. सांगणाऱ्याला कसं वाटतंय ते त्यातून आपोआप बाहेर यायचं. मला हेवा वाटायचा त्यांचा, खरं सांगते.

अशी काही वर्षं त्यांना मिळाली. गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदयाने दगा दिला म्हणे. त्यांना आवडलं असतं की नाही कोण जाणे, पण पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला इतकी गर्दी झाली की बुद्धवंदनेला अर्धी माणसं जिन्यात उभी होती. ज्यांच्या ज्यांच्या घरी ते उशिरा पोचले होते, ती सगळी माणसं वेळेवर आली होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा गेले. शिंदेवहिनी तिथेच होत्या, भाजी निवडत. दोन्ही घरांची दारं सताड उघडी. मी शेवटी धीर करून विचारलंच, की मेश्राम तेव्हा तुमच्याकडे आले, ते काय बोलले? त्या निवडता निवडता म्हणाल्या, “आले, पाणी प्यायले, आणि पाठ केल्यासारखं बोलले, की शिंदे म्हणाले, सुमनला जपा. मी म्हटलं, भाऊ, असं बोलणारा माणूस नव्हता तो. जन्मात त्यांनी माझं नाव घेतलं नाही. खरं काय ते सांगा. तर भाऊ रडायलाच लागले. आणि मग फणसाचं सांगितलं.”

मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “मॅडम, त्या तापात माझा वास गेला होता. मुलीला सांगितलं नव्हतं, उगाच घाबरली असती. फक्त ह्यांना माहीत होतं. पिकलेला फणस चार घरांना कळतो, मला कळला नसता. नाहीच कळला. चिलटं झाली तेव्हा दिसला, पार सडलेला. वर्षभर मला वाटायचं, जाताना त्यांना माझी आठवण तरी झाली असेल का... आणि बघा, एवढा श्वास लागलेला असताना त्यांच्या ध्यानात होतं, की हिला वास येत नाही.”

मग सुनंदावहिनी, ज्या इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या, म्हणाल्या, “आमचे तर काहीच बोलून नाही गेले. मी शेजारीच आडवी झाली होती. ‘पंखा एकवर कर’ म्हणाले, अन् झोपले. एवढंच.”

शिंदेवहिनींनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “भाऊंना थंडी वाजायची?”

“छे, त्यांना तर पाचवर लागायचा,” सुनंदावहिनी म्हणाल्या. “थंडी मला...” आणि थांबल्या.

आम्ही तिघींनी वर पाहिलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पंखा एकवर फिरत होता.